पत्ते पिसता येतात? मग तिथूनच सुरुवात करा

पत्त्यांची जादू शिकायला निघालेला माणूस हल्ली पहिल्या आठवड्यातच गोंधळतो. यूट्यूब उघडावं तर एकच पत्ता कॅटच्या वर आणायच्या वीस तऱ्हा समोर येतात, आणि प्रत्येक शिकवणारा आपलीच तऱ्हा सगळ्यांत चांगली असं छातीठोक सांगतो. मग साहजिकच जी दिसायला झोकदार ती आधी उचलली जाते. एका हातानं कॅट काटणं, या हातातून त्या हातात पत्त्यांचा धबधबा सोडणं, बोटांवर पत्ता फिरवणं. दोन-तीन महिने त्यात जातात. घरी पाहुणे जमतात, कोणीतरी म्हणतं, "दाखव रे काहीतरी," आणि तेव्हा लक्षात येतं की हात चपळ झालेत, पण दाखवायला प्रयोग एकही नाही.

हातचलाखी कशी करायची याचे बारकावे पुस्तकांत आणि व्हिडिओंत भरपूर आहेत. त्यांतली आपल्या कामाची कुठली हे ओळखायला मात्र फारसं कोणी शिकवत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: पत्ते खेळताना तुमचे हात ज्या हालचाली एरवीही करतात, त्यांच्या पोटात लपणारी चलाखी सगळ्यांत आधी निवडा. ती अवघड आहे की सोपी, जुनी आहे की नवी, हे नंतर बघू.

मेंढीकोट असो, रमी असो की मुलांचा झब्बू, आपल्याकडे बहुतेक घरांत पत्ते एकाच रीतीनं पिसले जातात. कॅट उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि मधल्या बोटात लांब कडांनी धरायचा, वरची छोटी थप्पी डाव्या हाताच्या बोटांनी पकडायची आणि उजवा हात मागे ओढायचा. थप्पी डाव्या तळहातात पडते. पुन्हा तेच, कॅट संपेपर्यंत. पाश्चात्त्य पुस्तकांत हिला हिंदू शफल म्हणतात आणि एक वेगळं तंत्र म्हणून शिकवतात. ह्यूगार्ड आणि ब्रॉई यांचं 'द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक' हे १९४८ सालचं पुस्तक आजही नवशिक्यांच्या हाती दिलं जातं. त्यात सुरुवात ओव्हरहँड शफलनं होते, लगेच रिफल शफल येते, आणि आपली ही रीत बरीच मागे, पुस्तकाच्या उत्तरार्धात भेटते. अमेरिकेतल्या वाचकासाठी तो क्रम बरोबरच आहे. त्याच्या घरातली माणसं तशीच पिसतात. सांगलीतल्या किंवा डोंबिवलीतल्या दिवाणखान्यात मात्र तुम्ही कॅटचे दोन भाग करून फर्रर्र आवाज काढत ते एकमेकांत गुंफलेत, की आत्या म्हणणार, "क्लबात जायला लागलास वाटतं!" आणि त्या क्षणापासून सगळ्यांच्या नजरा तुमच्या बोटांना चिकटणार.

म्हणून मी म्हणतो की पुस्तकाचा क्रम बदला. आपली पिसण्याची रीत आधी घ्या. तिच्यात निदान तीन कामं फुकट होतात.

पहिलं म्हणजे तळाचा पत्ता टिपणं. पिसता पिसता उजव्या हातातल्या थप्पीनं डाव्या हातातल्या पत्त्यांची कड ठोकून सारखी करायची सवय आपल्याला असतेच. त्या ठोकण्यात उजवी थप्पी किंचित तुमच्याकडे कलते आणि तिच्या तळाचा पत्ता दिसतो. वेगळी हालचाल कुठलीच नाही.

दुसरं, हवा तो पत्ता समोरच्याच्या गळ्यात मारणं, ज्याला जादूगार फोर्स म्हणतात. वरच्या थप्प्या डाव्या हातात पडत राहतात, पण उजव्या हातातल्या गठ्ठ्याचा तळ शेवटपर्यंत तोच राहतो. तळाला इस्पिकचा गुलाम असेल आणि समोरच्यानं "थांब" म्हटलं की उजव्या हातातला गठ्ठा उचलून तळ दाखवायचा. तो कधीही थांबवो, गुलामच दिसणार. कागदावर वाचताना ही युक्ती बालिश वाटते. प्रत्यक्षात चालते, कारण इतक्या ओळखीच्या कृतीवर कोणी संशय घेत नाही. अट एकच: गठ्ठा दाखवताना घाई नको, आणि मान वळवून तुम्ही दुसरीकडे बघायचं.

तिसरं, परत ठेवलेला पत्ता ताब्यात ठेवणं, ज्याला कंट्रोल म्हणतात. समोरच्यानं पत्ता डाव्या हातातल्या थप्पीवर ठेवला, की उजवा गठ्ठा तिच्यावर आणताना खालून त्या पत्त्यासकट चिमूटभर पत्ते उचलायचे आणि उजव्या हातात मागच्या बाजूनं एक बारीक फट राखायची. मग पिसणं चालू. फटीपाशी पोचलं की उरलेली चिमूट तशीच वर टाकायची. निवडलेला पत्ता सगळ्यांत वर आला. हीच करामत पुन्हा केली की वरचा पत्ता वर राखून कॅट आणखी एकदा पिसून दाखवता येतो. एक चलाखी दोन कामांना येते, हा निवडीचा दुसरा निकष समजा. ज्या तंत्राचा उपयोग एकाच प्रयोगापुरता आहे, त्यावर पहिल्या वर्षी वेळ घालवू नये.

आता सोप्याच्या मोहाबद्दल. ग्लाइड नावाचं तंत्र बऱ्याच पुस्तकांत सुरुवातीला येतं. तळाचा पत्ता बोटानं मागे सरकवायचा आणि समोरून दुसराच ओढून द्यायचा. अर्ध्या तासात जमतं. पण आपल्यापैकी कोण पत्ते तळातून काढून वाटतं? डाव खेळताना कोणी तसं केलं तर शेजारचा हात धरेल. खरोखर वापरायचंच असेल तर तळातून पत्ता काढायला एखादं कारण प्रयोगाच्या गोष्टीतच हवं, आणि ते दर वेळी सापडत नाही. सोपं असूनही मी ते पहिल्या यादीत घेत नाही.

उलट डबल लिफ्ट, म्हणजे दोन पत्ते एक समजून उलटणं, हे बऱ्यापैकी कठीण असूनही घ्यावंच लागतं. पत्त्यांच्या जादूतले निम्मे चमत्कार तिच्यावर उभे आहेत. पत्ता कॅटमध्ये घुसवला आणि वर आला, हातातल्या हातात राणीचा एक्का झाला, सगळं तिचंच. यूट्यूबवर तिच्या इतक्या तऱ्हा आहेत की त्यांतून निवडण्यातच माणूस थकतो. निवडायची सोपी रीत सांगतो. रमीत वाटून झाल्यावर तुम्ही जोकर उघडता ना? तेव्हा तुमचा हात पत्ता कसा उलटतो ते एकदा शांतपणे बघा. कोणी उजव्या कडेला धरून पुस्तकाच्या पानासारखा उलटतो, कोणी वरच्या टोकाला धरून स्वतःकडे वळवतो, कोणी अंगठ्यानं पुढे सारून खालून बोटानं पलटवतो. जी रीत तुमची, तीच डबल लिफ्ट तुमची. दोन पत्ते एक असल्यासारखे उलटायचा सराव सगळेच करतात. खरा सराव उलट बाजूनं करावा लागतो: एकच पत्ता उलटताना तुम्ही तो अगदी तसाच उलटता का, हे तपासायचं. नाहीतर दोन पत्त्यांना नाजूक हात आणि एकाला धसमुसळा हात असा फरक पडतो, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी खटकतं.

डबल लिफ्टची तयारी, म्हणजे वरचे दोन पत्ते करंगळीच्या टोकावर थोडे वेगळे करून ठेवणं, ही लिफ्टइतकीच महत्त्वाची. जादूगार या फटीला ब्रेक म्हणतात. ती केव्हा घ्यायची? लोक तुमच्या हाताकडे बघत असताना नाही. पत्ते पसरून दाखवले, "कुठलाही घ्या" म्हटलं, मग पसारा गोळा करताना कडा सारख्या कराव्याच लागतात. फट तेव्हाच घेऊन ठेवायची. स्पेनचे आर्तुरो दे आस्कानियो व्यवसायानं वकील होते आणि पत्त्यांच्या जादूचे मोठे विचारवंत. त्यांनी यावर बरंच लिहिलं आहे: चोरटी हालचाल एखाद्या मोठ्या, कारण असलेल्या हालचालीच्या वाटेवर उरकली पाहिजे, म्हणजे बघणाऱ्याला मोठी हालचालच आठवते. कुठलंही नवं तंत्र समोर आलं की हा प्रश्न विचारा. या चोरीच्या वरून जायला मोठी हालचाल कुठली आहे? नसेल तर ते तंत्र तुम्हाला उघडं पाडणार.

फोर्स आणि कंट्रोल यांत कशाला जास्त वेळ द्यावा, यावर जादूगारांत मतं वेगळी आहेत. माझं उत्तर आपल्या प्रेक्षकांकडे बघून ठरलेलं आहे. आपल्याकडचा प्रेक्षक गप्प बसत नाही. पत्ता परत ठेवला की मागून आवाज येतो, "आण इकडे, मी पिसतो." निवडलेला पत्ता वर आणून ठेवलेला असेल तर इथे सगळी मेहनत बुडाली. पण पत्ता फोर्स केलेला असेल तर तुम्हाला तो आधीच माहीत आहे. खुशाल पिसू दे, दोघांतिघांना पिसू दे, खिशात ठेव म्हणा. उलट जितके जास्त हात लागतील तितका शेवट जोरदार. म्हणून घरगुती जादूगारानं आधी एक-दोन फोर्स पक्के करावेत, कंट्रोल मागून.

कुठले फोर्स? पिसतानाचा वर सांगितलाच. दुसरा त्याहून सोपा आणि मला त्याहूनही आवडतो. हवा तो पत्ता वर ठेवा आणि कॅट जमिनीवर ठेवून समोरच्याला काटायला सांगा. त्यानं उचललेला वरचा भाग तो खाली ठेवेल. खालचा भाग तुम्ही उचलून त्याच्यावर आडवा ठेवा, "इथं काटलंस, खूण करून ठेवतो" असं म्हणत. मग लगेच पुढे जाऊ नका. काहीतरी विचारा: "मघाशी कॅट तूच पिसलास ना? मी हात लावला का?" अर्ध्या मिनिटात कुठला भाग कुठून आला हे कोणाच्याही डोक्यात राहत नाही. मग आडवा भाग उचलून खालचा पत्ता बघायला सांगा. तो अर्थातच मूळचा सगळ्यांत वरचा. हातांचं कौशल्य यात जवळजवळ शून्य आहे. सगळं काम त्या अर्ध्या मिनिटातल्या बोलण्याचं. ज्याला चारचौघांत बोलताना संकोच वाटतो त्यानं मात्र हा फोर्स घेऊ नये, कारण त्या शांततेत लोक थप्प्यांकडेच बघत बसतात. अशा माणसाला पिसतानाचा फोर्स बरा, तिथे हात काम करतात आणि तोंड बंद असलं तरी चालतं. तंत्र निवडताना स्वभावही बघावा लागतो, तो असा.

पत्ते पंख्यासारखे पसरून समोरच्याला मोकळेपणानं निवडू देतोय असं भासवत नेमका पत्ता त्याच्या बोटांत सरकवणं, ज्याला क्लासिक फोर्स म्हणतात, तो फोर्सचा राजा मानला जातो. शिका, पण गरजेचा म्हणून नको. तो कधीतरी फसतोच, आणि फसला तर पुढे काय करायचं याची तयारी आधी हवी. फसल्यावर निमूटपणे कंट्रोलचा प्रयोग सुरू करता आला, तर समोरच्याला काही चुकलं हे कळतही नाही. थोडक्यात, त्याच्या आधी तुमच्याकडे एक कंट्रोल असायला हवा.

आता बसण्याच्या जागेबद्दल, कारण पाश्चात्त्य व्हिडिओ आणि आपलं घर यांत सगळ्यांत मोठा फरक इथेच आहे. तिथला शिकवणारा टेबलामागे बसतो, कॅमेरा समोर, कडेनं कोणी नाही. आपल्याकडे सतरंजी, दिवाण, दारात उभी असलेली शेजारची मुलं. टेबलावरच्या खोट्या काटण्या आणि मांडीत पत्ता टाकायच्या युक्त्या इथे निरुपयोगी. मांडी घालून बसलेल्या माणसाच्या मांडीवर काय पडलं ते सगळ्यांना दिसतं. करंगळीची फट मागून दिसते, हातात दडवलेला पत्ता मागून आणि कडेनं दिसतो. त्यामुळे बसताना पाठीशी भिंत घ्या, ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी सूचना. दुसरी सूचना मुलांबद्दल. मोठी माणसं कॅटकडे वरून बघतात, पाच-सहा वर्षांची मुलं समोरून, कॅटच्याच पातळीवरून. डबल लिफ्टमधले दोन पत्ते जरा सुटे राहिले तर ती दुहेरी कड पहिल्यांदा त्यांनाच दिसते, आणि ती बोलून दाखवतात. मुलं समोर असतील तर कॅट थोडा खाली, मांडीजवळ धरा, म्हणजे त्यांनाही वरूनच बघावं लागेल.

मुंबईच्या लोकलमध्ये गुडघ्यावर बॅग ठेवून पत्ते खेळणारे ग्रुप असतात. त्यांच्यात जादू दाखवायची तर निवड आणखी आटते. धक्क्यांत करंगळीची फट टिकत नाही, आणि कॅट वापरून वापरून मऊ झालेला. तिथे की-कार्ड चालतं: तळाचा पत्ता टिपून ठेवायचा, समोरच्याचा पत्ता वर ठेवून घ्यायचा, कॅट काटून खालचा भाग वर आणायचा. टिपलेला पत्ता निवडलेल्या पत्त्यावर येऊन बसतो. वरून एकेक पत्ता उलटत गेलं की ओळखीचा पत्ता दिसल्यावर पुढचा तो आपला. काटू हवं तितक्यांदा द्या. जोडी मोडायची तर काटणी नेमकी त्या दोघांच्या मधे पडावी लागते, आणि तसं झालं तरी एक तळाला, एक वर गेलेला असतो. पिसू मात्र देऊ नका.

पत्त्यांबद्दलही दोन शब्द. शिकवणीच्या व्हिडिओत दिसणारे पत्ते बहुधा पोकर आकाराचे, अडीच इंच रुंद. आपल्याकडच्या दुकानांत सव्वादोन इंची अरुंद कॅटही भरपूर मिळतात. हात लहान असेल तर अरुंद पत्ता दडवायला सोयीचा; मोठ्या पत्त्याचा हट्ट धरायचं कारण नाही. पूर्ण प्लॅस्टिकचे पत्ते पावसात भिजले तरी टिकतात, पण ते निसटतात आणि फट नीट धरत नाहीत. कागदी पत्ते कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात फुगतात, वाकतात, एकमेकांना चिकटतात. जून ते सप्टेंबर एका थप्पीतून नेमके दोन पत्ते सुटे करणं हे वेगळंच प्रकरण असतं. पाठीला पांढरी किनार असलेला कॅट घ्या. एखादा पत्ता उलटा असेल किंवा जोडी किंचित सरकली असेल तर ती किनार बरंच झाकून घेते. आणि हाताला घाम येत असेल तर पत्ता तळहातात दडवायची तंत्रं तुमच्यासाठी नाहीत, असं खुशाल ठरवा. त्यावाचून कोणाचं अडलेलं नाही.

हात कसे आहेत ते बघून तंत्र निवडायचं म्हणजे काय, याचं टोकाचं उदाहरण अर्जेंटिनाचे रेने लावांद. नऊ वर्षांचे असताना अपघातात त्यांचा उजवा हात गेला. उपलब्ध पुस्तकं सगळी दोन हातांसाठी लिहिलेली. त्यांनी एका डाव्या हातानं जमेल अशी स्वतःची तंत्रं बसवली, आणि त्यांत वेग हा गुण नव्हताच. ते मुद्दाम संथ काम करायचे, गोष्ट सांगत सांगत, आणि तोच प्रयोग आणखी सावकाश करून दाखवायचे. २०१५ साली ते वारले. त्यांच्या चित्रफिती बघायला मिळतात, अवश्य बघा. त्या बघितल्यावर 'माझी बोटं आखूड आहेत' ही सबब पुन्हा तोंडातून निघत नाही.

काय सोडायचं, याची यादी मोठी होईल. दोनच नावं घेतो. पहिलं पास. म्हणजे कॅटचे दोन भाग हातातल्या हातात, कोणाला न दिसता, वरखाली करणं. जुन्या पुस्तकांत ते कंट्रोलचं मुख्य तंत्र. नीट जमायला वर्षं लागतात, कोन वाईट, आणि त्यानं जे साधतं ते आपल्या पिसण्यानं साधतं. दुसरं फॅरो शफल, पत्ते एकाआड एक अगदी अचूक गुंफणं. ५२ पत्त्यांचा कॅट अशा प्रकारे, वरचा आणि तळाचा पत्ता जागच्या जागी ठेवून, आठ वेळा गुंफला की मूळ क्रमावर परत येतो. गणिताच्या माणसाला याचं वेड लागतं, आणि लागू द्यावं. पण एका गुंफणीत एक पत्ता चुकला की पुढचं सगळं कोसळतं, आणि दिवाणखान्यात लाइट गेलेले असताना ते चुकणारच.

अवघड तंत्राचा मोह मोठमोठ्यांना चुकला नाही. डाय व्हर्नन हा विसाव्या शतकातला पत्त्यांच्या जादूचा सगळ्यांत प्रभावी माणूस. सगळे त्याला प्रोफेसर म्हणत. हालचाल नैसर्गिक हवी, हा त्याचा आयुष्यभराचा आग्रह. कॅटच्या मधून पत्ता वाटता येणारा एक पत्तेबाज कुठेतरी आहे असं कानावर आल्यावर हा माणूस त्याच्या शोधात निघाला, आणि १९३२ मध्ये मिसुरी राज्यातल्या प्लेझंट हिल या गावी त्याला अ‍ॅलन केनेडी सापडला. जुगारात वापरायची ती चाल व्हर्नननं शिकून घेतली. गोष्ट विलक्षण आहे. तिच्यावर पुस्तकही निघालं. पण व्हर्ननचे जे प्रयोग आज जगभर केले जातात, त्यांना ती चाल लागत नाही. 'ट्विस्टिंग द एसेस'मध्ये चार एक्के एकामागून एक आपोआप उलटे होतात. त्याला लागते ती ॲलेक्स एल्म्स्ली या ब्रिटिश जादूगाराची चार पत्ते मोजायची रीत, ज्यात चार मोजले जातात पण एक दिसत नाही. ही मोजणी दुसऱ्या वर्षासाठी चांगली निवड आहे, कारण वाटून झाल्यावर पत्ते मोजून घ्यायची सवय आपल्याला आहेच. फक्त एरवीही चार पत्ते त्याच पकडीनं मोजत चला, नाहीतर खोट्या मोजणीच्या वेळी पकड बदललेली दिसते. मधून पत्ता वाटायची किंवा तळातून वाटायची चाल मात्र पैशाच्या डावाजवळही नेऊ नका, हे सांगायला नको.

सराव किती करायचा हे मी सांगणार नाही, पण कसा, ते निवडीशी जोडलेलं आहे. तंत्र सुटं शिकू नका, प्रयोगासाठी शिका. तीन प्रयोगांची एक छोटी बैठक ठरवा आणि तिला लागतील तेवढीच तंत्रं घ्या. एक नमुना देतो. सुरुवात पॉल करीच्या १९४२ सालच्या 'आउट ऑफ धिस वर्ल्ड'नं. समोरचा माणूस पत्ते न बघता, नुसत्या अंदाजानं, लाल आणि काळे वेगळे करत जातो, आणि शेवटी सगळे बदाम-चौकट एकीकडे, इस्पिक-किलवर दुसरीकडे निघतात. हातचलाखी जवळजवळ नाही, पण कॅट आधी लावून ठेवावा लागतो, म्हणून तो पहिलाच. आणि तो झाला की कॅट त्यांनाच पिसायला द्या. पुरावा त्यांच्याच हातांनी पुसला जातो. मग फोर्सचा प्रयोग: निवडलेल्या पत्त्याचा फोटो सकाळीच घरातल्या एखाद्या काकांच्या फोनवर पाठवून ठेवलेला असावा, वेळ आली की त्यांनी तो उघडावा. शेवटी डबल लिफ्ट, पत्ता पुन्हा पुन्हा वर येतो तो प्रयोग, आणि तो तीनदाच. चौथ्यांदा लोक शिकायला लागतात.

मोबाइल समोरून ठेवून चित्रण करायची सवय असेल तर तो आता डावीकडे, जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवा. दारात उभं राहिलेलं मूल तिथूनच बघतं. आवाजासकट चित्रण करा, कारण चोरटी हालचाल करताना आपण बोलायचं थांबतो आणि ते थांबणं पडद्यावर ऐकू येतं.

पुस्तकांत 'रॉयल रोड' वर सांगितलेल्या बदललेल्या क्रमानं वाचा. त्याच्या पुढे स्वित्झर्लंडच्या रोबेर्तो जोब्बी यांचं 'कार्ड कॉलेज', पाच खंडांचं. त्यात प्रत्येक तंत्र का निवडलं हेही सांगितलेलं असतं, म्हणून आपल्या कामाचं. एर्डनेस या टोपणनावानं १९०२ मध्ये निघालेलं 'द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल' या विद्येचं मूळ समजलं जातं, आणि तो एर्डनेस कोण हे अजून नक्की ठरलेलं नाही. पण ते इतक्यात नको. त्यातली इंग्रजीच जुन्या कोर्टकागदांसारखी आहे, आणि निम्मं पुस्तक पत्तेबाजांसाठी आहे.

एक व्यावहारिक अडचण उरते, ती "पुन्हा दाखव"ची. आपल्याकडे ही फर्माईश आल्याशिवाय बैठक उठत नाही, आणि पाश्चात्त्य पुस्तकं 'प्रयोग पुन्हा करू नये' एवढं सांगून मोकळी होतात. नाही म्हटलं तर पोरं पाय ओढतात. एकाच कामासाठी दुसरं तंत्र शिकायची खरी गरज इथे पडते, त्याआधी नाही. पहिल्या वेळी पिसताना थांबवून पत्ता दिला असेल, तर दुसऱ्या वेळी पत्ता बदलून कॅट जमिनीवर ठेवा आणि काटायला शंका घेणाऱ्यालाच सांगा. पहिल्या वेळी तो तुमच्या पिसण्यात चोरी शोधत होता. आता तुम्ही पिसतच नाही. तिसऱ्यांदा विचारलं तर की-कार्डवर जा, तिथे पत्ता खरोखरच त्याच्या मर्जीचा असतो. चौथ्यांदा विचारलं तर कॅट खोक्यात घाला आणि चहा मागवा.